डायला रंग मी लावला

आमच्या वर्कशॉपमध्ये सुधारणा कशी करायची ते ठरवायला कमिटी बसलेली, आणि त्या कमिटीत मी होतो. हसू नका. मी चौथी नापास, आणि ती पण दोनदा बसून. मराठी अक्षराला अक्षर जोडून वाचतो. इंग्रजी समोर आलं की चष्मा घरी राहिला असं सांगतो. चष्मा मला लागतच नाही.

मला घेतलं कारण मी बडबड्या. वागळे इस्टेटच्या आतल्या गल्लीत आमचं वर्कशॉप. सहा प्रेस, तीसेक माणसं, डोक्यावर पत्रा. पंख्यात, स्विचबोर्डात ज्या लोखंडी पट्ट्या आणि क्लिपा आत बसतात त्या आम्ही बनवतो. बाहेरून कोणाला दिसत नाहीत. मी तिथे सेटर. सेटर म्हणजे प्रेसमध्ये डाय बसवणारा. डाय म्हणजे लोखंडाचा साचा, अर्धी खाली, अर्धी वर. मधे पत्रा सारायचा, प्रेस धाडकन खाली येते आणि पट्टी तयार. दुसरी पट्टी पाहिजे तर दुसरी डाय. ती बदलायचं काम माझं. पंचवीस वर्षं एकच काम करतोय म्हणजे मास्तर झालो असेन असं वाटेल तुम्हाला. तसं काही नाही. मला फक्त पाना कसा पकडायचा ते माहीत होतं. कुठली डाय कुठे आहे ते दादूसला माहीत होतं.

दादूस डायरूम सांभाळायचा. बाळकुमचा आगरी माणूस, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठा, म्हणून सगळे दादूस. मागच्या बाजूला एक लांबट अंधारी खोली, तिच्यात चार लोखंडी रॅक, रॅकवर शे-दोनशे डाया. प्रत्येकीवर इंग्रजी नंबर ठोकलेला, पण तेलाने आणि मळाने तो कधीच बुजलेला. दादूसला नंबराची गरज नव्हती. त्याने सगळ्यांना नावं ठेवलेली. लांबडी बारीक होती ती बोंबील. एक कोपरा तुटलेली ती लंगडी. दोन सारख्या होत्या, एक डाव्या पट्टीची, एक उजव्या, त्या बहिणी. आणि एक जुनी, जड, कोणाच्या हाताला न येणारी, तिचं नाव सासू. मी दारातून ओरडायचो, "दादूस, बोंबील दे रे," आणि तो न बघता अंधारात हात घालून बोंबील काढायचा. दसऱ्याला आम्ही आमच्या प्रेसची पूजा करायचो. तो सकाळपासून एकेक डाय पुसून प्रत्येकीला हळदकुंकू लावायचा, दुपारी जेवायला पण यायचा नाही. "येकीला लावला नि दुसरीला नय, तर भांडतील," बोलायचा.

बाळकुमला त्याच्या बापाचं भाताचं शेत होतं. तिथे आता टॉवर उभा आहे आणि त्याच टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर दादूसचा फ्लॅट. बोलायचा, "माज्याच शेतावं टांगून ठेवलाय मना." तसं बघितलं तर त्याला नोकरीची गरज नव्हती. भाऊ सगळे घरी बसून होते, गाड्या फिरवत होते. हा रोज डबा घेऊन सर्वांच्या आधी हजर. मी एकदा विचारलं, कशाला येतोस? बोलला, "घरा मना कोन काय इचारतं? हितं तू दिवसाला धा येळा हाक मारतंस."

एकच अडचण. बाळकुमला हळद असली की दादूस येणार नाही. आगऱ्यांची हळद म्हणजे लग्नाहून मोठी, आणि दादूसच्या भावकीत लग्नाच्या सीझनला एक दिवसाआड हळद. त्या दिवशी आमचं वर्कशॉप अर्धं बंद. मी आणि दुसरा सेटर टॉर्च घेऊन डायरूममध्ये फिरायचो, चोरासारखे. अशाच एका हळदीच्या दिवशी मी बहिणींपैकी एक उचलून आणली आणि बसवली. उजवी पाहिजे होती. मी डावी बसवली. संध्याकाळपर्यंत पेट्या भरल्या. सगळ्या डाव्या. दुसऱ्या दिवशी शेठने एक पट्टी उचलून माझ्यासमोर धरली आणि बोलले, "आता भंगारवाल्याला नीट समजावून सांग, या डाव्या आहेत म्हणून. त्याची चूक नको व्हायला."

त्याच्या पुढच्या महिन्यात धाकट्या शेठने मॅडमना आणलं. म्हणजे हे सगळं सुरू पण माझ्यापासूनच झालं.

मॅडमचं काम कंपन्या सुधारायचं. साधा पंजाबी ड्रेस, पायात बूट, हातात वही. पहिले चार दिवस काहीच बोलल्या नाहीत, नुसत्या उभ्या राहून बघत होत्या. आम्ही चारही दिवस खूप काम केलं. पाचव्या दिवशी ऑफिसमध्ये मीटिंग. मोठे शेठ, धाकटे शेठ, सुपरवायझर, आणि कामगारांच्या बाजूने मी. एसीत बसायची सवय नाही, मी हात मांडीखाली घालून बसलेलो.

मॅडमनी बोर्डावर तीन चौकोन काढले. बोलल्या, सुधारणेचे रस्ते बरेच आहेत, पण तुमच्यासाठी मी तीन आणलेत. एक, सगळं एका दमात बदलायचं. नवीन मशीन, स्टोअरला कॉम्प्युटर, वरून ठरवायचं आणि तीन महिन्यांत उरकायचं. दोन, घड्याळ लावून मोजायचं. कोणाला कशाला किती वेळ लागतो ते लिहायचं आणि त्याप्रमाणे टार्गेट बांधून द्यायचं. तीन, रोज थोडं थोडं. जो काम करतो त्यानेच सांगायचं कुठे टोचतंय, आणि ते तेवढंच दुरुस्त करायचं.

धाकट्या शेठला पहिला रस्ता पाहिजे होता, ते तोंडावर दिसत होतं. सुपरवायझरला दुसरा. त्याने घड्याळ पण नवीन घेतलेलं.

"चांगला-वाईट असा कुठलाच नसतो," मॅडम बोलल्या. "घर पेटलं असेल तर पहिला रस्ता. वेळ कुठे जातो तेच माहीत नसेल तर दुसरा. आणि माणसांना सगळं माहीत आहे, पण त्यांना कुणी विचारत नाही, असं असेल तर तिसरा. तुमच्याकडे यातलं काय आहे, ते तुम्ही सांगा."

मोठे शेठ माझ्याकडे वळले. "बोल रे. कामगारांचं काय म्हणणं?"

कामगारांना मी काही विचारलेलंच नव्हतं. पण तोंड उघडलं की ते चालू होतं माझं. मी बोललो, "शेठ, माझ्या बायकोने गेल्या वर्षी स्वयंपाकघर सुधारलं. डोंबिवलीची आमची खोली, स्वयंपाकघर म्हणजे दीड माणसाचं. तिने भिंत नाही पाडली. मला घड्याळ लावून नाही बसवलं. पोह्यांचा डबा खाली घेतला आणि मला वरच्या फळीवर टाकलं. आता सगळं हाताशी आहे."

सगळे हसले. मॅडम पण हसल्या. मोठे शेठ बोलले, "चला, तिसरा." असा आमच्या वर्कशॉपचा रस्ता ठरला. पोह्यांच्या डब्यावर.

मी खरं सांगतो, तिसरा मला आवडला कारण तो सगळ्यात गरीब दिसत होता. पहिल्यात माणसं जाणार, हे कोणालाही कळतं. दुसऱ्यात मी जाणार, हे मला कळत होतं. तिसऱ्यात कोणाचं काय वाकडं होईल?

पण उठायच्या आधी मॅडम बोलल्या, "एक अट आहे. कुणाच्या सूचनेमुळे कुणाचं काम कमी झालं, तर त्याला दुसरं काम द्यायचं. काढायचं नाही. हे एकदा मोडलंत तर सूचना येणं बंद होईल, आणि मग हा रस्ता विसरा." आणि एकेकाकडे बघून प्रत्येकाकडून हो म्हणवून घेतलं. शेठ हो बोलले. धाकटे शेठ मोबाइलमध्ये बघत हो बोलले. सगळ्यात मोठ्याने मी बोललो.

भिंतीवर सूचनापेटी लागली. लाल, कुलूपवाली. महिन्याला प्रत्येकाने एक चिठ्ठी टाकायची. मी कमिटीचा माणूस, मी नाही टाकली तर कसं दिसेल? महिना संपायला आला तसा मी सुपरवायझरला पकडलं. "माझी पण लिही रे."

"काय लिहू?"

"लिही की, आमच्या गावाला बेंदराला बैलांची शिंगं रंगवतात. कोणाचा बैल कुठला ते लांबून कळतं. तशा डाया रंगवा. म्हणजे माझ्यासारखं गाढव पण बरोबर डाय आणील."

"गाढव लिहू?"

"लिही. शेठना पटेल."

मस्करीच केलेली. चहाच्या वेळची. पुढच्या सोमवारी मॅडमनी पेटी उघडली, चिठ्ठ्या वाचल्या, आणि माझी चिठ्ठी हातात धरून मला शोधत प्रेसपर्यंत आल्या. "हेच," बोलल्या. "अगदी हेच पाहिजे होतं मला. वाचायची गरजच पडू नये असं."

मग त्यांनी ते नीट बसवलं. प्रेस सहा, रंग सहा. ज्या प्रेसची डाय, त्या प्रेसचा रंग डायवर, तोच रॅकवर. आणि प्रत्येक डायच्या जागेवर तिची एक पट्टी तारेने बांधून लटकवायची. हातात पट्टी घ्यायची, लटकलेल्या पट्टीशी जुळवायची, खालची डाय उचलायची. नंबर नाही, नाव नाही, दादूस नाही. तेव्हा हे शेवटचं माझ्या डोक्यात आलं नाही. आलं असतं तरी मी काय केलं असतं ते पुढे कळेलच.

रंग लावायला मीच. सूचना माझी म्हणून. दादूस एकेक डाय रॅकवरून उतरवायचा, पुसायचा आणि सांगायचा. ही कुठल्या प्रेसची, हिला कुठला पत्रा, ही कधी रुसते. मॅडम लिहून घ्यायच्या. मी ब्रश मारायचो. तीन आठवडे चाललेलं ते.

दादूस इतका बोलताना मी कधी बघितला नव्हता. कोणी त्याला एवढं विचारलंच नव्हतं ना. मॅडम स्टुलावर बसून, "आणि हिचं नाव काय?" आणि हा लाजून, "मॅडम, हिचा नाव सांगन्यासारखा नय." मॅडम बोलल्या, "तरी सांगा." तो बोलला, "याला इचारा, यानंच ठेवलाय." मी ब्रश घेऊन तोंड लपवलं.

सासूला हिरवा रंग लागला. ती उतरवताना दादूस जरा थांबला, मला आठवतं. मॅडमनी विचारलं, "हिचं काही खास?" तो बोलला, "काय नय. सासू ती सासू." मी हिरवा मारला.

मला बक्षीस मिळालं, स्टीलची पाण्याची बाटली. बोर्डावर फोटो लागला, खाली लिहिलेलं महिन्याची सर्वोत्तम सूचना. फोटोत माझे डोळे मिटलेले. सगळ्यात जोरात टाळ्या दादूसने वाजवल्या.

मग बाळकुमला हळद आली. दादूस नव्हता. मी पट्टी घेतली, जुळवली, डाय उचलली, बसवली. दुसऱ्या सेटरने पण तसंच. चहा व्हायच्या आत दोन प्रेस बदलून झाल्या. संध्याकाळी सुपरवायझर हात पुसत बोलला, "आज दादूस नव्हता? मला कळलंच नाही."

दुसऱ्या दिवशी दादूस आला, डोळे तांबडे, नखं पिवळी, पिशवीत सगळ्यांसाठी वडे. मला बाजूला घेऊन विचारलं, "काल काय काय अडला?"

प्रत्येक हळदीनंतर तो हेच विचारायचा. आणि मी लांबलचक यादी सांगायचो, थोडं तिखट-मीठ लावून, तो शिव्या देत देत खूश व्हायचा. त्या दिवशी मी सांगितलं, "काही नाही अडलं."

"कायच नय?"

"काहीच नाही."

तो थोडा वेळ वड्याची पिशवी बंद करत राहिला. ती आधीच बंद होती. "बरा झाला," बोलला, आणि डायरूममध्ये गेला.

दोन आठवड्यांनी शेठनी कमिटी बोलावली. मॅडम आता महिन्यातून एकदाच यायच्या, त्या नव्हत्या. धाकटे शेठ बोलले, डायरूमला आता माणूस लागत नाही. मोठे शेठ बोलले, "दादूसला काय कमी आहे? टॉवरमध्ये राहतो. दुसऱ्या कोणाला काढलं तर त्याची चूल बंद होईल. त्याला आपण आराम देऊ. मानाने देऊ."

सुपरवायझरने माझ्याकडे बघितलं. त्याला पण अट आठवत होती, हे मला दिसलं. मला आठवत होतीच. दुसरं काम म्हणजे काय, रंग उडाला की परत लावणं, नवीन पोरांना डाया दाखवणं, दहा कामं होती. एक वाक्य बोलायचं होतं. शेठ, मॅडम काय बोललेल्या? बस, एवढंच. मी, ज्याची जीभ टाळूला लागत नाही, तो समोरच्या ग्लासकडे बघत बसलो. डोक्यात काय होतं तेही सांगतो. आता डाय कोणीही बसवू शकतो, आणि सेटर दोन आहेत, हे होतं. दाताच्या डॉक्टरने सुई मारल्यावर गाल जसा दुसऱ्याचा वाटतो, तसं माझं सगळं तोंड झालेलं. एसी असेल.

"तूच सांग त्याला," मोठे शेठ मला बोलले. "तुझ्या पद्धतीने. हसतखेळत."

जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. आम्ही रोज एकत्र बसायचो, डायरूमच्या पायरीवर. त्याच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट, माझ्या डब्यात मेथी. अर्धं अर्धं करायचो. मी भाकरी मोडली आणि बोललो, "दादूस, तुझं प्रमोशन झालं."

"कनाचा?"

"आता तू शेठसारखा. घरी बसायचं, कोणी काही बोलणार नाही."

तो चावत होता, थांबला. "कोन बोलला?"

"शेठ."

"आनि तू? तू कमिटीन हायस ना. तू काय बोललास?"

"मी काही नाही बोललो."

"कायच नय?"

"नाही."

मला वाटलं आता डबा उचलून मारील. तर तो हसायला लागला. खरोखर हसला, खोकला येईपर्यंत. "तू गप बसलास! अरे देवा, तू गप बसलास! ते बगाया मी पायजे व्हतो रे."

मी पण हसलो. काय करणार? मग त्याने उरलेली सुकट माझ्या डब्यात टाकली, आपला डबा धुतला, झाकण लावलं.

निरोपाला शाल, नारळ, आणि माझ्यासारखीच एक स्टीलची बाटली. भाषण मी केलं. लोक हसले, चांगलं झालं म्हणे. मी काय बोललो ते मला आठवत नाही.

पुढच्या सोमवारी मॅडम आल्या. डायरूममध्ये डोकावून बाहेर आल्या. "दादूस कुठे आहेत?"

धाकटे शेठ बोलले, "ते स्वतःहून गेले. आराम पाहिजे होता त्यांना."

मॅडमनी त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं. मी बोललो, "हो मॅडम. फ्लॅट एवढा मोठा आहे, नुसता झाडायला महिना लागतो त्याला."

त्या हसल्या नाहीत. वहीत काहीतरी लिहिलं.

पुढच्या महिन्यात ऑर्डर आली ती सासूची. हिरवा रंग, हिरवा रॅक, पट्टी जुळवली, बसवली. पहिल्याच दाबाला पट्टीची कड फाटली. दुसरी फाटली, तिसरी फाटली. बोल्ट ढिले केले, आवळले, पत्रा बदलला. रंगवताना मॅडमनी लिहिलेली डायांची वही ऑफिसातून आणून सुपरवायझरने मोठ्याने वाचली. सासूच्या पुढे फक्त रंग आणि जागा लिहिलेली. दोन दिवस गेले. शेठ बोलले, "जा. त्याला विचारून ये."

रिक्षा करून बाळकुमला गेलो. मी त्याच्या घरी पहिल्यांदाच जात होतो. वर जायची वेळ आली नाही, दादूस खाली गेटवरच होता, वॉचमनच्या बाजूला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. एक पांढरी गाडी आत शिरली तसा तो वॉचमनला बोलला, "सातव्या मजल्याची. आज लवकर आला." आत पार्किंगच्या खांबांवर पिवळ्या रंगाने मोठे मोठे नंबर टाकलेले. वॉचमन मोबाइल बघत होता.

"ये रं बाला," दादूस बोलला. "सासूनं हाकलला ना?"

म्हणजे त्याला माहीत होतं. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, प्रत्येक गोष्ट दोनदा विचारली. कड कुठल्या बाजूने फाटते, पहिल्या दाबाला की नंतर, मी काय काय करून बघितलं. मी काय केलं ते सांगितलं की मान हलवायचा, "गाढव," बोलायचा, आणि त्याच्या तोंडावर जरा जरा रंग यायला लागला. मग बोलला, "तिचा डावा पाय आखूड हाय. चायपत्तीच्या खोक्याचा पुठ्ठा घे. दोन घड्या घाल. तीन नय, दोन. डाव्या पायाखाली सार, मंग बोल्ट आवळ. दिसत नय बाहेरून. मी तुना द्याचो तवा खाली चिकटवूनच द्याचो."

पंचवीस वर्षं. मी ती डाय बसवत होतो आणि मला वाटायचं मला जमतं.

"रंगवताना का नाही सांगितलंस? विसरलास?"

"इसरलो नय. सगला दिला मॅडमला. मना वाटला, येवढा येक आपल्याकडं ऱ्हाव दे."

"मग आता का सांगतोस?"

तो गेटकडे बघत होता. "आता तुना लागंल. रंग बगून डाय कोन पन लावील. उद्या शेठ बोलंल, दोन सेटर कनाला? तवा तुज्याकडं काय तरी पायजे ना?" मग माझ्याकडे वळला. "लिवू नको कुटं. तू काय लिवनार म्हना."

मला काहीतरी बोलायचं होतं. रिक्षात बसून मी ठरवून ठेवलेलं, माफ कर वगैरे. मी बोललो, "चहा नाही पाजणार?"

"लिफ्ट बंद हाय," तो बोलला. लिफ्ट चालू होती. माणसं ये-जा करत होती.

परत आलो. सगळे सासूभोवती जमलेले. धाकट्या शेठनी विचारलं, "काय सांगितलं त्याने?"

सांगितलं असतं तर मॅडमच्या वहीत गेलं असतं. एक ओळ. सासू, डावा पाय, पुठ्ठा, दोन घड्या. मी बोललो, "नारळ फोडायला सांगितला. रंग लावताना हिची पूजा राहिली म्हणे. आणि फोडताना सगळ्यांनी बाहेर उभं राहायचं."

कोणी हसलं नाही. दोन दिवस माल बंद होता, कोण हसणार? सुपरवायझरने नारळ आणला. दाराबाहेर फोडला. तेवढ्यात मी आत पुठ्ठा सारला, बोल्ट आवळले, प्रेस चालू केली. कड साफ आली. धाकटे शेठ, अमेरिकेची डिग्री असलेले, त्यांनी लांबूनच पाया पडल्यासारखं केलं.

आता ते कायमचं झालंय. सासू बसवायची असली की नारळ. डाय कशी बदलायची याचा जो तक्ता भिंतीवर आहे, त्यात सुपरवायझरने हिरव्या ओळीत लिहून टाकलंय, नारळ फोडणे, एक नग. मॅडमनी ते वाचलं. बराच वेळ वाचत होत्या. मग सूचनापेटी उघडली. तीन चिठ्ठ्या होत्या. पंखा पाहिजे. पंखा पाहिजे. चहात साखर कमी. मॅडमनी तिन्ही परत घडी करून ठेवल्या, कुलूप लावलं आणि माझ्या प्रेसपाशी आल्या.

"तुम्ही खरं काय करता?" हळू आवाजात विचारलं. "नारळाच्या वेळी."

चांगली बाई आहे. तिने सांगितलेला रस्ता खोटा नव्हता. त्यांच्या अटीला सगळ्यात मोठ्याने हो मीच बोललेलो.

"हात जोडतो, मॅडम," मी बोललो.

त्यांनी वही बंद केली. मग गेल्या. त्यानंतर आल्या नाहीत. शेठ बोलतात, त्यांचं काम पूर्ण झालं.

बेंदराच्या नंतर दुसऱ्या सेटरला कामावरून कमी केलं. एकच ठेवायचा होता. कोणाला ठेवायचं यावर जास्त बोलणं झालं नाही, कारण सासू फक्त माझ्या हाताने चालते, हे सगळ्यांना माहीत आहे. त्या मीटिंगला पण मी होतो. कमिटीत अजून आहे मी.

बाळकुमला परत गेलेलो नाही. जायला पाहिजे असं दर महिन्याला वाटतं, म्हणजे वाटतं असं मी धरून चालतो. दादूसची पुठ्ठ्याची गोष्ट मी दादूससाठी जपून ठेवलीय, असं एकदा बायकोला सांगितलं. ती चपात्या लाटत होती, वर न बघता बोलली, "मला नको शेंड्या लावूस."

पुठ्ठा माझ्या शर्टाच्या खिशात असतो. दोन घड्यांचा. कपडे भिजवायच्या आधी ती तो काढते आणि पोह्यांच्या डब्यावर ठेवते. सकाळी मी तिथून उचलतो.